आपाच्या भावाचा मित्र

अरबी अक्षरांचा कागद जमिनीवर पडलेला दिसला की मी तो उचलते. आमच्या गावच्या मशिदीशेजारी मकतब होतं. तिथे मौलवीसाहेबांनी अक्षरओळख करून दिली तेव्हाच बजावलं होतं, यावर पाय पडता कामा नये. त्यामुळे सिंगापूरला विद्यापीठात काम मिळालं त्या पहिल्याच आठवड्यात प्रिंटरमधून घसरलेला एक कागद मी उचलला, डोळ्यांना लावला आणि कपाटावर उंच जागी ठेवला.

समोरच्या टेबलावरची बाई हे बघत होती. ती उठली, कागद खाली काढून वाचला आणि खुर्चीत बसून पोट धरून हसायला लागली.

"यात काय लिहिलंय माहीत आहे?"

"नाही."

"एक माणूस दुसऱ्याला म्हणतोय, तुमचा गोलकीपर आंधळ्या कोंबडीसारखा उडी मारतो."

कागद परत वर ठेवावा की नाही, मला कळेना. शेवटी तिनेच तो नीट घडी घालून माझ्या हातात दिला. म्हणाली, "ठेव वर. कोंबडीलाही मान मिळू दे."

ती जॉर्डनची, अम्मानची. पीएचडी करत होती. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी असेल. मी तिला आपा म्हणायला लागले. आमच्याकडे मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. तिने अर्थ विचारून घेतला आणि तिला तो आवडला.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. अब्बा जहाजाच्या इंजिनरूममध्ये काम करतात, अम्मी सातवीपर्यंत शिकलेली. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून मी इथवर आले, आणि आल्यापासून आपण चुकून कुणाच्या तरी जागेवर बसलोय असं वाटत राहायचं. कामासाठी आपाच्या मार्गदर्शक सरांनी बोलावलं तेव्हा खरं तेच सांगितलं: "अरबी वाचता येतं, समजत नाही." आता नाही म्हणतील असं वाटलं. पण सरांना तेच हवं होतं.

अरबी बोलणारे पुरुष आणि बायका सोशल मीडियावर वेगवेगळ्या तऱ्हेने लिहितात का, हा आपाच्या प्रबंधाचा विषय. लोकांची खाती आमच्यासमोर यायची. आपा अर्थ समजून ठरवायची, लिहिणारा पुरुष आहे की बाई. मी अर्थ न समजता, नुसत्या बाहेरच्या रूपावरून ठरवायचं: चित्र कुठलं, वाक्य केवढं, लाल बदाम किती, 'हाहाहा' हसणं किती लांब. प्रत्येक खात्यापुढे तीनपैकी एक खूण करायची: पुरुष, स्त्री किंवा सांगता येत नाही. दोघींपैकी एकीने जरी 'सांगता येत नाही' म्हटलं तरी ते खातं वगळायचं, हा नियम होता.

मी हौगांग भागात एका पुण्याच्या कुटुंबाकडे खोली घेऊन राहायचे. त्या काकूंना माझं काम काही केल्या पटत नव्हतं.

"अगं, दिवसभर करतेस तरी काय तिथे?"

"लोकांनी लिहिलेलं बघते, काकू. पुरुषाने लिहिलंय की बाईने, ते ओळखायचं."

"त्याला विद्यापीठ कशाला लागतं? आमच्या सोसायटीचा ग्रुप उघड. जिथे नुसतं 'ओके' लिहिलंय तो पुरुष. आणि त्याच्याखाली 'ओके म्हणजे नक्की किती वाजता?' विचारलंय ती त्याची बायको."

आतल्या खोलीतून त्यांचा मुलगा सिंगापुरी ढंगात ओरडला, "आई, करेक्ट लाह!"

हसू आलं खरं, पण रात्री डोळे मिटले की बदामच दिसायचे. सकाळी वर्ग, दुपारी प्रयोगशाळा, तिथला तो हाडं गोठवणारा एसी, मग परतीच्या एमआरटी ट्रेनमध्ये उभ्याने डुलक्या. शिकणं म्हणजे असं थकणं असतं हे घरातल्या कुणी मला सांगितलं नव्हतं, कारण ते कुणाला माहीतच नव्हतं.

हळूहळू खुणा कळायला लागल्या. बायका स्वतःचा फोटो क्वचित लावत. गुलाबाचं फूल, कॉफीचा कप किंवा पोराचा फोटो. नावही बरेचदा स्वतःचं नसे. 'अमक्याची आई' एवढंच. एखादीने स्वयंपाकाचं चित्र टाकलं की खाली वीसजणी लिहीत, तुझे हात सलामत राहोत, आणि प्रत्येकीपुढे बदामांची रांग. पुरुष छोटं लिहीत, टोमणे मारत, आणि वाद हरायला आले की देवाचं नाव घेऊन विषय संपवत.

देवाच्या नावाने मी फार फसले. माझ्यासाठी अरबी म्हणजे नमाज आणि दुआ, एवढंच. एका बाईने मैत्रिणीला 'अल्लाह' या शब्दाने सुरू होणारं वाक्य लिहिलं होतं. ते वाचून मी आपाला म्हटलं, "किती छान दुआ देतेय." आपा म्हणाली, "हो ना. देव तुला उचलून नेवो, म्हणतेय. उसना नेलेला ड्रेस परत दिला नाही म्हणून."

एक गोष्ट मात्र अर्थ न कळताही दिसायची. एखाद्या बाईने स्वतःच्या नावाने फुटबॉलवर काही लिहिलं की खाली पुरुषांची झुंबड उडे, आणि सगळे तेच ते दोन-तीन शब्द लिहीत. मी आपाला विचारलं, हे काय म्हणतायत?

"जा, स्वयंपाक कर." तिने मान वर न करताच सांगितलं.

आमच्या खात्यांमध्ये एक फुटबॉलवाला होता. 'अमक्याचा बाप' असं नाव, चित्राच्या जागी एक जुना फाटका बूट. बदाम नाही, फूल नाही, तोडून टाकणारी छोटी वाक्यं आणि खाली पुरुषांच्या उत्तरांचा ढीग. आंधळी कोंबडी त्याचीच. मी फारसा विचार न करता 'पुरुष' अशी खूण केली. आपानेही.

त्याच सुमारास एका शनिवारी आपा मला पुलाउ उबीनला घेऊन गेली. म्हणाली, "तुझा चेहरा बघ, स्क्रीनसारखा निळा पडलाय." लहानशा मोटरबोटीतून बेटावर उतरलो, सायकली घेतल्या. आपाने ओढणीची टोकं मानेमागे बांधली आणि अशी सुटली की मला धाप लागली. एका झाडाखाली बसून तिने पाव काढायला पिशवी उघडली, आणि झुडपातून एक रानडुक्कर सरळ चालत आलं, पिशवी तोंडात धरून निघालंसुद्धा.

आपा त्याच्यामागे धावली. "खुब्ज! खुब्ज!" असं ओरडत. इतक्या मोठ्याने ओरडताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. प्रयोगशाळेत तिचा आवाज पुढच्या टेबलापलीकडे जात नसे. परत आली ती घामाघूम आणि हसत.

"खुब्ज म्हणजे काय?"

"भाकरी. आपली भाकरी गेली, हबीबती."

पुढच्या आठवड्यात नव्या पोस्ट आल्या. मी फुटबॉलवाल्याची एक पोस्ट अक्षर लावत वाचत होते. त्यात 'खिन्झीर' होता. हा शब्द मला पाठ. डुक्कर हराम आहे असं जिथे येतं तिथे तो येतो. आणि त्याच्यापुढे 'खुब्ज'. मी थांबले. मग नियम मोडून ते वाक्य भाषांतराच्या साइटवर टाकलं. 'आज एका रानडुकराने माझी भाकरी पळवली. आपला डावा बचावपटू याच्या निम्म्याने जरी धावला असता तरी आपण जिंकलो असतो.'

मी समोर पाहिलं. आपा चष्मा कपाळावर ढकलून खुणा करत बसली होती. पाठ वाकलेली, शेजारी थंड झालेला चहा. मी ती साइट बंद केली. तिचं तिच्यापाशी, असं ठरवलं.

पण दोन-तीन आठवड्यांनी सर हसतच आत आले. सर इथलेच, चिनी घरातले, मृदू स्वभावाचे. विद्यापीठात या कामावर त्यांचं जाहीर भाषण व्हायचं होतं आणि ते पुढे इंटरनेटवर सगळ्यांना बघायला ठेवणार होते. त्यांनी आमच्यासमोर लॅपटॉप ठेवला. पडद्यावर तो फाटका बूट.

"पुरुषी लिहिण्याचा याहून चांगला नमुना मिळणार नाही," सर म्हणाले. "तुम्हा दोघींचीही एकच खूण. आणि गंमत बघा, आपल्याला मिळालेल्या माहितीत याच्या काही पोस्टच्या जागेची नोंद आहे, वाचणाऱ्यांना ती दिसत नाही. हा इथेच राहतो, सिंगापूरला! भाषणाला बोलावू या का त्याला?"

आपा म्हणाली, "बिझी असेल."

त्या संध्याकाळी ती मला तोआ पायोहला तिच्या घराजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या ठेल्यांच्या मंडपात, घेऊन गेली. ताटं समोर आली तरी ती हात लावेना. मी खूप वेळ धीर गोळा करत होते. मग म्हटलं, "आपा, डावा बचावपटू खरंच इतका हळू धावतो का?"

तिने चमचा खाली ठेवला. आधी रागावली असं वाटलं. मग खांदे सैल सोडून म्हणाली, "डुक्कर नडलं ना? मला वाटलंच होतं."

"जॉर्डनमध्ये कुणी विचारलं नाही, डुक्कर कुठे भेटलं म्हणून?"

"विचारलं. उत्तरेच्या डोंगरात आहेत आमच्याकडे. तिकडे फिरायला गेलो होतो, म्हणून सांगितलं."

"कुणाला?"

तेव्हा तिने भावाबद्दल सांगितलं. तिच्याहून दोन वर्षांनी मोठा भाऊ. लहानपणी दोघं गच्चीवर एकाच चेंडूवरून मारामाऱ्या करत. ती तेरा-चौदा वर्षांची झाली आणि गच्ची बंद झाली. भाऊ वाईट नाही, ती पुन्हा पुन्हा म्हणाली, अजिबात वाईट नाही. फक्त बहिणीशी काय बोलावं हे त्याला माहीत नाही. दर शुक्रवारी त्याचा मेसेज येतो: कशी आहेस, काही हवंय का. ती लिहिते, ठीक आहे, काही नको. झालं.

"माझ्या नावाने मी एकदा सामन्यावर लिहिलं होतं. काय उत्तरं आली ते तू बघतेसच रोज. मग हे खातं काढलं. महिन्याभरात त्यावर एकजण भांडायला आला. इतका भांडला! मी नाव बघितलं, तर माझाच भाऊ. तेव्हापासून भांडतोय. प्रत्येक सामन्याला. खाजगीतही लिहितो. मला मित्र म्हणतो." ती थांबली. "त्याच्या ऑफिसातला साहेब कसा आहे, त्याचे गुडघे दुखतात, हे मला बहीण म्हणून माहीत नाही. मित्र म्हणून माहीत आहे."

"आणि सिंगापूर लिहिलेलं पडद्यावर आलं तर..."

"अम्मानच्या क्लबचं वेड असलेली सिंगापूरमधली किती माणसं ओळखतो तो? एकच. चिडणार नाही. लाजेल. आणि पुन्हा कधी लिहिणार नाही. दोन्हीकडे."

मी विचारलं, "मग तुम्ही 'सांगता येत नाही' अशी खूण का केली नाही? तेव्हाच वगळलं गेलं असतं."

ती पहिल्यांदाच जरा हसली. "तुला ओळखू येतं का ते बघायचं होतं. तू 'पुरुष' लिहिलंस, त्या दिवशी मी फार खूश होते." मग म्हणाली, "आता बदलू कशी? सर विचारतील, तुझी स्वतःची भाषा आणि तुलाच शंका? तू यात पडू नकोस. मी खातंच बंद करून टाकते. बंद झालेलं खातं सरांना दाखवता येत नाही."

ती करणार हे मला दिसत होतं. परतीच्या वाटेवर मला अब्बांची आठवण येत राहिली. जहाज बंदराला लागलं की त्यांचा मेसेज येतो: 'पोचलो. ठीक.' वर्षानुवर्षं तेवढंच. अब्बा दुसऱ्या कुणाला याहून जास्त लिहीत असतील, असं मला त्याआधी कधी वाटलंच नव्हतं.

सरांच्या दारावर टकटक करायला मला नेहमीच भीती वाटे. दुसऱ्या दिवशी मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा त्यांनीच आतून हाक मारली.

"सर, एका खात्याची खूण बदलायची आहे. फुटबॉलवाल्याची. सांगता येत नाही, अशी करायची आहे."

"सगळ्यांत स्पष्ट तर तोच आहे."

"मी रूपावरून ठरवलं होतं. आता वाटतं, असं कुणीही लिहू शकेल."

"कुणीही म्हणजे?"

"बाईसुद्धा, सर."

"काही कारण सापडलं का?"

खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं माझं नव्हतं. मी म्हटलं, "कारण मला सांगता येणार नाही, सर. पण शंका खरी आहे."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही थकलेले दिसले. हे आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "आणि बाकीच्यांची? त्यांची खात्री आहे तुला?"

हो म्हटलं असतं तर तिथेच सगळं मिटलं असतं. पण गुलाबाचं चित्र लावलेल्या खात्यांची ती रांग डोळ्यांसमोर आली. त्यांच्यातल्या कितीजणांबद्दल मला खरंच काही माहीत होतं?

"नाही, सर."

"ऐयाह," सर म्हणाले. चष्मा परत लावून ते म्हणाले, "मंचावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. सगळं पहिल्यापासून करा. दोघी."

नियमाप्रमाणे फुटबॉलवाला वगळला गेला. भाषण पुढे ढकललं. आणि आपाची बकरी ईदची रजा गेली.

याचा मी विचारच केला नव्हता. तिने तिकीट काढलं होतं, आईसाठी शाल घेऊन ठेवली होती. सरांच्या खोलीतून ती बाहेर आली आणि माझ्या टेबलापाशी उभी राहिली.

"मी सांगितलं होतं ना, पडू नकोस म्हणून?"

"खातं बंद केलं असतं तर भावाशी कोण बोललं असतं, आपा?"

ती जाऊन खुणा करायला बसली. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. आता प्रत्येक खुणेपुढे कारण लिहायचं होतं, आणि कारण लिहायला बसलं की हात थांबायचा. बदाम आहेत म्हणून बाई? पोराचा फोटो बापानेही लावला असेल. वगळलेल्यांचा ढीग वाढत गेला. आपा एकेक खातं वाचे, कपाळ दाबे, खूण करे. तिचा चहा रोज थंड होई. मी तो टाकून नवा आणून ठेवत असे. तेवढंच मला करता येत होतं.

ईदच्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही प्रयोगशाळेतच होतो. निघताना आपा दारातून म्हणाली, "एकटी काय जेवणार तू? चल."

पुन्हा तोआ पायोह, पुन्हा तेच टेबल. आजूबाजूला नव्या कपड्यांतली मलाय कुटुंबं, पोरांचा दंगा. अम्मानला तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ. आपाचा फोन वाजला. तिने बघितलं, मग माझ्यापुढे धरला आणि वाचून दाखवलं. भावाचा मेसेज, बहिणीला: 'ईद मुबारक. काही हवंय का?'

मग तिने दुसरं खातं उघडलं. तिथेही त्याचाच मेसेज होता, फाटक्या बुटाला. तो मोठा होता. ती हळूहळू इंग्रजीत सांगत गेली.

'ईद मुबारक, मित्रा. तुझ्याकडे आज गडबड असेल. आमच्याकडे सामसूम आहे. माझी बहीण परदेशात शिकते, यंदा आली नाही. आईने तिच्या वाटणीचं ताट वाढून झाकून ठेवलंय आणि मला ते ताट समोर बघून घास उतरत नाहीये. कुणाला सांगू नकोस.'

शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी सरबताचा ग्लास सांडला, आरडाओरडा झाला, आपाचं लक्ष फोनवरच होतं.

"काय लिहू?" तिने विचारलं.

"कोण म्हणून?"

तिने जरा विचार केला आणि टाइप करून मला सांगितलं: 'गाढवा, मला काय सांगतोस? तिला सांग.'

उत्तर लगेच आलं. लांबलचक हसणं, आणि त्याखाली परवाच्या सामन्यातल्या रेफरीला शिव्या. आपानेही रेफरीला शिव्या दिल्या. दोघांचं दहा-पंधरा मिनिटं चाललं. मी माझं जेवले, मग तिच्या ताटातला भात गार होऊ नये म्हणून त्यावर दुसरं ताट उपडं घातलं. तिने ते बघितलं, माझ्याकडेही बघितलं.

आम्ही उठणार एवढ्यात फोन पुन्हा वाजला. या वेळी बहिणीला. शब्द एकही नव्हता, नुसता एक फोटो. काचेच्या झाकणाखालचं ताट: भात, मटण, वरून दही आणि तळलेले बदाम.

आपाने दोन बोटांनी तो मोठा केला. आणखी मोठा केला. नाक ओढलं.

"बदाम करपवलेत," ती म्हणाली. "आई कधी करपवत नाही. त्यानेच तळले असणार."

आणि खुर्ची ओढून ती परत बसली, उपडं ताट बाजूला केलं आणि जेवायला लागली.